पुठ्ठ्याचा राजवाडा, सोनेरी करंडक : ह्यू लॉकविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी मुलगी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही दोघं सोलापुरात कापडाचं दुकान चालवतो, कलेतलं आम्हाला फारसं कळत नाही. गेलं वर्षभर ती पुठ्ठे, दुकानातलं पॅकिंगचं सामान, मणी आणि प्लास्टिकची खेळणी घेऊनच बसलेली असते. कॉलेजात तिला सांगतात, हे हस्तकलेसारखं दिसतं, दगडाकडे, ब्राँझकडे वळ. ती आम्हाला ह्यू लॉक नावाच्या कलाकाराचे फोटो दाखवते आणि म्हणते, यानंही पुठ्ठ्यानंच सुरुवात केली आणि पुढे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर याची शिल्पं लागली. हा माणूस कोण? तिथपर्यंत पोचला कसा? आणि अशा कामाला खरंच भविष्य असतं का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : तुमच्या मुलीनं माणूस अगदी योग्य निवडलाय. मी कोल्हापुरात बरीच वर्षं कलेचा इतिहास शिकवला आणि साहित्याचा विषय निघाला की वर्गात पहिलं नाव याचंच घेत आले. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ह्यू लॉकचा जन्म १९५९ चा, एडिंबरोचा. वडील डोनाल्ड लॉक हे गयानाचे नामवंत शिल्पकार, आई लैला लॉक ब्रिटिश चित्रकार. हे मुद्दाम आधी सांगते, कारण ‘शून्यातून वर आला’ अशी गोष्ट तुमच्या मुलीच्या मनात असेल तर ती तशी नाही. घरात माती, रंग, हत्यारं पहिल्यापासून होती. १९६६ मध्ये कुटुंब बोटीनं गयानाला गेलं. गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर असला तरी भाषा, क्रिकेट, ऊस आणि इतिहास यांमुळे कॅरिबियनच. त्याच वर्षी मे महिन्यात तो देश ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला होता. नवा झेंडा, नवं राष्ट्रगीत, नवी चिन्हं, हे सगळं त्या मुलानं डोळ्यांदेखत घडताना पाहिलं. आणि शाळेच्या वहीवर मात्र अजून इंग्लंडच्या राणीचं चित्र होतं. पुढची सगळी कारकीर्द या दोन गोष्टींच्या मधल्या जागेतून निघाली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८० मध्ये तो ब्रिटनला परतला. फॅलमथला पदवी घेतली ती १९८८ मध्ये, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून शिल्पकलेतलं एम. ए. केलं ते १९९४ मध्ये. म्हणजे वयाच्या चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी तो विद्यार्थीच होता. हे वाक्य तुमच्या यजमानांनाही वाचून दाखवा.

त्याचं नाव गाजायला लागलं ते २००० साली. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यानं ‘हेम्ड इन टू’ नावाचं मोठं मांडणीशिल्प उभं केलं. पुठ्ठ्याचं. थोडी बोट, थोडा राजवाडा, थोडं पार्सल, असा अंगावर येणारा पसारा, त्यावर बारकोडसारख्या खुणा. कॅरिबियन नाव आणि रंगीबेरंगी काम दिसलं की लोक त्याला लगेच ‘परदेशी, मोहक’ अशा खणात टाकायचे. त्या खणालाच त्यानं शिल्प केलं, स्वतःला जणू निर्यातीच्या खोक्यात बांधून म्युझियमच्या मध्यभागी ठेवलं. तिथे पुठ्ठा नाइलाज म्हणून आलेला नाही. माल जगभर ज्यातून जातो, ज्यावर किंमत छापली जाते आणि जे शेवटी फेकून दिलं जातं, ते साहित्य त्याला हवंच होतं. त्याच वर्षी त्याला पॉल हॅम्लिन पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी, २००२ मध्ये, पूर्व लंडनच्या चिझनहेल गॅलरीत त्यानं अख्खं दालन भरून ‘कार्डबोर्ड पॅलेस’ केला. त्यात राजघराण्याचे चेहरे पुठ्ठ्यातून कापलेले होते.

तुमच्या मुलीच्या शिक्षकांचा प्रश्न इथेच सुटतो. कुठलंही साहित्य मुळात हस्तकलेचं किंवा शिल्पाचं नसतं. तेच का घेतलं, हे काम बघताना कळलं पाहिजे. मुलीला एवढंच विचारा : हे ब्राँझमध्ये केलं असतं तर काय बिघडलं असतं? तिच्याकडे उत्तर असेल, तर तिनं बेलाशक पुठ्ठ्यात काम करावं. नसेल, तर शिक्षकांचं म्हणणं एकदा मनावर घ्यावं.

पुढचा टप्पा तुमच्या मुलीच्या प्लास्टिकच्या खेळण्यांचा आहे. दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात मोठा बाजार भरतो. कॅरिबियन वस्ती तिथे पहिल्यापासून. आपल्या तुळशीबागेत मिळतं तसलं सगळं तिथे मिळतं : मण्यांच्या माळा, प्लास्टिकची फुलं, पाली, किडे, खेळण्यातल्या तलवारी आणि बंदुका. ह्या मालातून लॉकनं ब्रिटिश राजघराण्याची प्रचंड व्यक्तिचित्रं केली. ‘ब्लॅक क्वीन’, ‘एल डोराडो’ ही त्यातली. लांबून एलिझाबेथ राणीचा ओळखीचा चेहरा आणि मुकुट दिसतो, जवळ गेलं की चेहरा नाहीसा होतो आणि किडे, पाती, सोनेरी साखळ्या वळवळायला लागतात. २००५ च्या अशाच एका कामाला त्यानं ‘कोहिनूर’ नाव दिलं. ते आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमच्या संग्रहात आहे. आपल्याकडचा हिरा, इंग्लंडची राणी, बाजारातलं प्लास्टिक आणि गयानातून आलेला शिल्पकार! गंमत वाटावी अशी ही यादी, पण काम बघताना हसू येत नाही. राणी तिथे सुंदरही दिसते आणि भीतीही वाटते. ती टिंगल नाही आणि आरतीही नाही, म्हणून मला ही मालिका फार मोठी वाटते.

मग जहाजं आली. २०११ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टोन गावात, एका जुन्या चर्चमध्ये त्यानं डझनावारी छोट्या बोटी छताला टांगल्या : मासेमारीच्या, मालवाहू, युद्धनौका, प्रवाशांच्या. समुद्रावरून सुखरूप परतल्याबद्दल चर्चमध्ये छोटं जहाज वाहायची युरोपात जुनी प्रथा आहे, तिचाच आधार त्यानं घेतला. पुढे त्या बोटी अमेरिकेत मायामीच्या पेरेझ आर्ट म्युझियमनं घेतल्या. २०१३ च्या डिसेंबरमध्ये म्युझियमची नवी इमारत उघडली तेव्हा त्या तिथे टांगलेल्या होत्या. मायामी हे क्युबा आणि हैतीहून बोटीनं येणाऱ्यांचं शहर. त्याच बोटी फोकस्टोनच्या चर्चमध्ये नवस वाटतात आणि मायामीत निर्वासित होतात.

मी त्याचं काम पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं ते आपल्याच देशात. कोची-मुझिरिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या दुसऱ्या पर्वात, डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५. त्या वर्षी क्युरेटर होते आपल्या मुंबईचे, जे. जे.मध्ये शिकलेले जितीश कल्लाट. ॲस्पिनवॉल हाउस ही समुद्राला लागून असलेली जुनी मालाची वखार. तिथल्या भिंतींवर लॉकचं ‘सी पॉवर’ होतं : काळी दोरी आणि काळे मणी भिंतीला चिकटवून काढलेली जहाजं आणि माणसं. मी नाक लावून पाहिलं. रेघ म्हणजे सलग दोरी नव्हतीच, कुठे दोरी, कुठे मण्यांची ओळ. वळणावर मणी दाटीनं बसवलेले आणि त्यांच्या खाली गोंदाचा चकाकणारा थेंब. जहाजाच्या शिडापासून दोऱ्या सुटून खाली लोंबत होत्या, जणू रेखाटन अजून ओलं आहे आणि ओघळतंय. ज्या बंदरातून मिरी गेली, जिथे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज एकामागून एक उतरले, त्याच बंदरातल्या वखारीची ती भिंत. सोबतचे विद्यार्थी फोटो काढून पुढे सरकले, मी बराच वेळ तिथेच होते.

आता मोठ्या जागांविषयी. २०२२ हे एक वर्ष घ्या. मार्चमध्ये लंडनच्या टेट ब्रिटनच्या मधल्या लांबलचक दालनांत ‘द प्रोसेशन’, जूनमध्ये बर्मिंगहॅमच्या चौकात राणी व्हिक्टोरिया, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेटच्या दर्शनी कोनाड्यांत ‘गिल्ट’. त्याच वर्षी तो रॉयल ॲकॅडमीचा सदस्यही झाला. तेव्हा वय बासष्ट.

‘द प्रोसेशन’ मी लेकीकडे गेले होते तेव्हा पाहिलं. माणसाच्या उंचीच्या जवळजवळ दीडशे आकृत्या एका दिशेनं चाललेल्या. घोड्यावरचे स्वार, ढोल वाजवणारी पोरं, निशाणं, मुखवटे. गयानात २३ फेब्रुवारीला प्रजासत्ताक दिनाचा ‘मॅश्रमानी’ उत्सव असतो, त्याची मिरवणूक यात आहे. पण यात अंत्ययात्रा आहे, मोर्चा आहे आणि घरदार सोडून निघालेली माणसंही आहेत. मी एकीच्या झग्याजवळ थांबले. कापडावर जुन्या कंपन्यांचे शेअर सर्टिफिकेट छापलेले : नक्षीदार कडा, कंपनीचं नाव, सह्या. असे जुने शेअरचे कागद विकत घेऊन त्यांच्यावर रंगवायचं काम लॉक कितीतरी वर्षं करत होता, ते इथे कपडे होऊन आलं. दुसऱ्या एका कापडावर गयानाची राजधानी जॉर्जटाउन इथली खांबांवर उभी लाकडी घरं होती, मोडकळीला आलेली. ते शहर भरतीच्या पातळीखाली आहे, समुद्र थोपवायला बांध घातलाय. आणि आकृत्यांची मांडी, हात, घोड्याचा पाय जिथे उघडा पडतो तिथे पुठ्ठ्याची कड दिसते. लपवलेली नाही.

आता जागा बघा. टेटचं नाव ज्याच्यावरून पडलं तो हेन्री टेट साखरेचा कारखानदार. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं संपल्यावर त्याचा धंदा उभा राहिला हे खरं, पण ऊस आणि साखरेचा तो सगळा व्यापार गुलामांच्याच घामावर वाढला होता. डेमेरारा साखर आपल्याकडे कॉफीबरोबर पुडीत मिळते ना? डेमेरारा ही गयानातली नदी. साखरेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतीतून उसाच्या देशाची मिरवणूक निघाली, यातच सगळं आलं. पुढे ती गेट्सहेडच्या बाल्टिक कलाकेंद्रात आणि २०२४ मध्ये बोस्टनला गेली.

मेटच्या दर्शनी भिंतीवरचे चार कोनाडे कित्येक दशकं रिकामे होते, २०१९ पासून तिथे समकालीन कलाकारांना बोलवायला लागले. लॉकनं तिथे सोनेरी मुलाम्याचे चार प्रचंड करंडक ठेवले. त्यांच्यावरचे आकार त्यानं मेटच्याच संग्रहातल्या वस्तूंवरून घेतले होते. विजयाचे करंडक. कोणाकडून, कशा जिंकलेल्या वस्तू, हा प्रश्न दार ओलांडायच्या आधीच प्रेक्षकाला पडतो. मुलाम्याच्या आत फायबरग्लास आहे हे लक्षात घेतलं की कळतं, हा पुठ्ठ्याच्या राजवाड्याचाच माणूस आहे.

भविष्याचं म्हणाल तर विक्रीची, नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, ब्राँझवाल्यांनाही नसते. मुलीचं पुढच्या दोन-तीन वर्षांचं भाडं आणि साहित्याचा खर्च कसा निघेल याचा हिशेब घरात बसून मोकळेपणानं करा. शिकवण्या, सेट डिझाइन, दुकानांच्या सजावटीची कामं, तिच्या हातातल्या कौशल्याला मागणी आहे. पण पुठ्ठा सोडायला सांगू नका.

प्रश्न : मी भायखळ्याला राहतो. राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात इंग्रजांच्या काळातले पुतळे आणून ठेवलेत. काळा घोडाही तिथेच आहे. वसाहतकाळातले पुतळे पाडावेत की ठेवावेत, या वादात कॅरिबियन कलाकार काय म्हणतात?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, मुंबई

उत्तर : सगळ्यांच्या वतीनं नाही, पण लॉक काय करत आलाय ते सांगते.

जॉर्जटाउनमध्ये न्यायालयासमोर व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा होता. १९५४ मध्ये कोणीतरी सुरुंग लावून त्याचं डोकं आणि डावा हात उडवला. १९७० मध्ये गयाना प्रजासत्ताक झाल्यावर तो उचलून बोटॅनिकल गार्डनच्या मागच्या भागात टाकला. लॉक तेव्हा शाळकरी होता, त्यानं तो तिथे पाहिला. १९९० मध्ये तोच पुतळा पुन्हा न्यायालयासमोर आणून उभा केला. एका माणसाच्या आयुष्यात एका दगडाची एवढी वर-खाली झाली, म्हणून ‘पाडा’ किंवा ‘ठेवा’ एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही.

२००६ मध्ये ब्रिस्टलच्या स्पाइक आयलंड या कलाकेंद्रात त्यानं ‘रिस्टोरेशन’ नावाची मालिका दाखवली. शहरातल्या पुतळ्यांचे मोठे फोटो आणि त्या फोटोंवर कवड्या, व्यापारातले मणी, खोटे दागिने यांचा थर. कवड्या आणि मणी देऊन आफ्रिकेत माणसं विकत घेतली जात. त्यात एक पुतळा होता एडवर्ड कोलस्टनचा, गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या दानशूराचा. लोकांनी तो ओढून पाडला आणि बंदरात ढकलला तो ७ जून २०२० रोजी, प्रदर्शनानंतर चौदा वर्षांनी. लॉकनं खऱ्या पुतळ्याला हातही लावला नव्हता. पण ज्या पैशानं पुतळा उभा राहिला, तो पैसा त्यानं त्याच्याच अंगावर घातला होता.

बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये त्याला खराखुरा पुतळा मिळाला. व्हिक्टोरिया चौकातल्या राणीभोवती त्यानं एक जहाज बांधलं आणि त्यात तिच्याच पाच छोट्या प्रतिकृती उभ्या केल्या, वसाहतींना रवाना व्हायला निघालेल्या. ‘फॉरेन एक्स्चेंज’ असं त्याचं नाव. राष्ट्रकुल खेळांच्या उन्हाळ्यात ते उभं होतं, नंतर उतरवलं, मूळ पुतळ्याला ओरखडा न येता. अशाच राण्या जहाजांतून जगभर गेल्या. तुमच्या भायखळ्याची व्हिक्टोरियाही इंग्लंडातच घडवून मुंबईला पाठवलेली.

आपण मुंबईत १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा काळा घोडा हलवला आणि २०१७ मध्ये जुन्या जागेजवळ स्वार नसलेला घोडा बसवला. तो उपाय वाईट नाही, पण मला अपुरा वाटतो. राजा काढून टाकला की तो इथे का आला होता हे विचारायची सोयही जाते. भायखळ्याच्या आवारातल्या पुतळ्यांभोवती आपल्या शिल्पकारांना काही महिने असंच तात्पुरतं काम करायला द्यावं, असं मला मनापासून वाटतं. तुमच्यासारख्या रोज तिथून जाणाऱ्यांनी ही मागणी केली तर तिला वजन येईल.

प्रश्न : मॅडम, मी जे. जे.ला आहे. बायोडेटात एकल प्रदर्शनं जास्त हवीत की समूह प्रदर्शनं? लॉकच्या बाबतीत काय दिसतं?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर : त्याची यादी बघ, गर्दी आहे ती ‘या जागेसाठी काहीतरी कर’ अशा निमंत्रणांची. चर्च, युद्धनौका, चौक, कुरण, म्युझियमची भिंत. २०१५ मध्ये लंडनच्या थेम्सवरच्या ‘एचएमएस बेलफास्ट’ या संग्रहालय झालेल्या युद्धनौकेवर त्यानं खलाशांच्या पुतळ्यांना कार्निव्हलचे मुखवटे चढवले, कारण ती नौका शेवटच्या काळात त्रिनिदादला गेली होती. म्हणजे आधी जागेची कागदपत्रं वाचली, मग हात चालवला. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या आयकॉन गॅलरीत ‘हिअर्स द थिंग’ हे मोठं सिंहावलोकन झालं आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटी आणि मेन राज्यात गेलं. पण तोवर पंचवीस वर्षांचं काम साठलेलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश म्युझियमनं त्याला आपला संग्रहच मोकळा करून दिला. ‘व्हॉट हॅव वी हिअर?’ मध्ये त्यानं निवडलेल्या वस्तूंशेजारी त्याच्या शब्दांतल्या टिपा होत्या आणि कपाटांवरून त्याच्या मुखवटेधारी आकृत्या आपल्याकडे बघत होत्या. २०२५ मध्ये येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये ‘पॅसेजेस’ झालं.

तू आत्ता आकडे मोजू नकोस. एक जागा शोध, जिची गोष्ट तुला माहीत आहे आणि इतरांना नाही.

प्रश्न : माझा भाचा लंडनला शिकायला गेलाय. लॉकचं काम कायमस्वरूपी, तिकिटाशिवाय कुठे बघता येईल? प्रदर्शनं तर संपून जातात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिककरांनी हे विचारलं याचा मला विशेष आनंद झाला, का ते सांगते.

त्याला रनीमीडला जायला सांगा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून एगम गावाला गाडी आहे, तिथून थेम्सच्या काठाचं कुरण चालत गाठता येतं. १२१५ मध्ये इथेच राजा जॉननं मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेला मान्यता दिली. आठशे वर्षं झाली म्हणून २०१५ मध्ये लॉकनं तिथे ‘द ज्युरर्स’ केलं : उघड्या गवतावर ब्राँझच्या बारा खुर्च्या, जणू मधल्या टेबलाभोवती पंच बसणार आहेत. समान दर्जाच्या लोकांनी न्याय केल्याशिवाय स्वतंत्र माणसाला पकडायचं नाही, हे त्या सनदेतलं कलम त्यामागे आहे. इथे ब्राँझ का, हे सोलापूरच्या मुलीनंही बघावं. ऊन, पाऊस, आणि रोज बसणारी माणसं. खुर्च्यांवर बसायला पूर्ण मुभा आहे.

प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पुढून आणि मागून न्यायाच्या लढ्यातली चित्रं उठवलेली आहेत : मंडेलांचा तुरुंगवास, गुलामगिरीतून सुटून आपली कहाणी सांगणारी मेरी प्रिन्स, मतदानाचा हक्क मागणारी लिलियन लेंटन. आणि त्यांच्यात एक चेहरा कॉर्नेलिया सोराबजींचा आहे. जन्म १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या, ऑक्सफर्डला कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पडद्यात राहणाऱ्या आणि मालमत्तेसाठी नाडल्या जाणाऱ्या बायकांच्या बाजूनं त्या वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या.

भाच्याला म्हणावं, पावसाळी जोडे घालून जा, गवत ओलं असतं. खुर्च्यांच्या मागच्या बाजू बघायला विसरू नको, बरेच लोक बसतात, फोटो काढतात आणि निघतात. सोराबजींची खुर्ची सापडली की तिचा जवळून फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. तो मला पाठवलात तर पुढच्या अंकात या सदरात छापू.